डॉक्टर गॅस्किनची सोळांची यादी

लव्होनिया गॅस्किन ही आमच्या डिपो स्ट्रीटवरची पहिली डॉक्टर, आणि तिला साधा ताप मोजता येत नव्हता. ती रसायनशास्त्राची डॉक्टर. हे गल्लीतल्या माणसांना समजावून समजावून ती थकली. लोक गुडघे घेऊन यायचे, कान घेऊन यायचे. चर्चचे कारभारी डीकन पेटवे यांनी तर एकदा रविवारची प्रार्थना सुटल्यावर तिला दारातच अडवलं आणि शर्ट वर करून पाठ दाखवली.

"डीकन, मी त्यातली डॉक्टर नाही हो," ती म्हणाली.

"कशातली का असेनास. शिकलीस ना? बघ तरी."

तिने गंभीर चेहऱ्याने पाठ बघितली आणि सांगितलं, "शर्ट खाली करा, वारं लागतंय. तेवढंच आहे." डीकन पुढे महिनाभर सांगत होते की पोरीने नुसत्या नजरेने बरं केलं.

मी कॉर्डी बायनम. तिच्याच गल्लीतली, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या कॉलेजात तिच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं काढली. कागदावर माझं पद सहायकाचं होतं. म्हणजे बाटल्या धुवायच्या, माती चाळायची, मशीन गरम करून ठेवायचं आणि डॉक्टर जेवली की नाही ते बघायचं. लहानपणी मी तिला अगं-तुगं करायचे. पांढरा कोट अंगावर आल्यापासून 'डॉक्टर' आणि 'अहो' म्हणायला लागले. तिला ते आवडायचं नाही, पण आमच्या काळ्या माणसांतल्या एका बाईला चार लोकांत डॉक्टर म्हणून हाक मारण्याचं सुख मी का सोडू?

तिच्या नावावर एकसष्ट शोधनिबंध होते. शेवटी साठ राहिले. त्यातल्या चाळीस-एकांची माती माझ्या हातांनी चाळली आहे, म्हणून त्यांच्याविषयी बोलायचा मला थोडा हक्क आहे. पण निबंध बाजूला ठेवा. तिच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न एकच होता: डिपो स्ट्रीटवरच्या चौदा अंगणांतली माती खाण्याचं पिकवण्याजोगी आहे की नाही. त्या प्रश्नाचं तिने एकदा उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानेच तिचा घात केला.

गल्लीच्या मागे लाकडाचा कारखाना होता. रेल्वेच्या रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर तिथे क्रिओसोटमध्ये, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या काळ्या तेलात मुरवायचे. ओल्या स्लीपरांतून ते तेल ठिबकत राहायचं आणि पावसात मागच्या नाल्याने आमच्या परसात यायचं. लव्होनियाचे वडील, एझेल गॅस्किन, तिथे स्लीपर उचलायचे. ते तेल अंगावर घेऊन उन्हात उभं राहिलं की कातडी भाजल्यासारखी सोलते. मिस अर्झूला, लव्होनियाची आई, नवऱ्याचे कपडे अंगणात वेगळ्या भांड्यात उकळायची आणि ते पाणी कुंपणापाशी ओतायची. सगळ्याच बायका तसं करायच्या. आपल्याच अंगणात आपणच ओततोय, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

लव्होनिया शिकायला आमच्या दक्षिणेतून उत्तरेत गेली, ओहायोला. तिथे ती कार्बनची वलयं एकाला एक जोडून नवे पदार्थ बनवायची. सुट्टीत आली की मिस अर्झूला विचारायची, "यंदा काय बनवलंस?" ती म्हणायची, "पांढरी पूड. चमचाभर." आई म्हणायची, "एवढी वर्षं झाली, चमचाभरच?" आणि दोघी हसायच्या. पहिले आठ निबंध त्या चमचाभर पुडींचे आहेत. लोक म्हणतात, ते फार सुंदर काम होतं. मला त्यातलं कळत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली एझेलना पुरायला ती आली आणि परत गेलीच नाही. कातडीचा कर्करोग होता, वय छप्पन्न. मला तिने नंतर सांगितलं, "मी तिकडे बसून जी वलयं हौसेनं जोडत होते ना कॉर्डी, तीच बाबांच्या पाठीत मुरलेली होती. म्हटलं, पुरे झालं जोडणं." आमच्या छोट्या कॉलेजात तिने नोकरी धरली. सात वर्षांनी कारखाना बंद पडला. मालक निघून गेले, कुंपण राहिलं, तेल राहिलं. राज्याच्या खात्याने येऊन माती तपासली आणि सांगितलं, इथलं काही खाऊ नका.

ज्या गल्लीत प्रत्येक दारामागे कोलार्डच्या पालेभाजीचा वाफा होता, तिथे बायका बादल्यांतून आणि जुन्या टायरांतून विकतची माती भरून चार रोपं लावायला लागल्या. मिस अर्झूला दुकानातली कोलार्डची जुडी पदराआड लपवावी तशी कोटाखाली लपवून आणायची. विकतची पालेभाजी खाणं आमच्यात लाजिरवाणं. आपल्याला जमीन नाही, असं कबूल केल्यासारखं ते.

जिथे ओले स्लीपर टेकवून ठेवायचे, तिथली माती लव्होनियाने उकरली. मी नवीनच लागले होते. मी विचारलं, "सगळ्यात घाणेरडी माती कशाला हवी?"

"सत्तर वर्षं इथे हे तेल सांडतंय. इतक्या वर्षांत कुणी ना कुणी ते खायला शिकलं असणारच."

कुणी म्हणजे जंतू. तीन वर्षं आम्ही काचेच्या चंबूत पाणी, मीठ आणि क्रिओसोटचे थेंब घालून वाट बघत बसलो. खायला दुसरं काही द्यायचं नाही. जे तगतील ते तेल खाऊनच तगतील. एके सकाळी एक चंबू गढूळ झालेला दिसला. मी तो धुवायला उचलला, तर तिने माझा हात घट्ट धरला. "थांब. जेवतायत." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मला गढूळ पाणीच दिसत होतं, पण मीही रडले.

मग चौदा अंगणं. त्र्याण्णवपासून चार वर्षं. दर दुसऱ्या शनिवारी माती उलटीपालटी करायची, तिला वारा द्यायचा, ओल राखायची, सरकीची पेंड मिसळायची. कॉलेजकडे माणसं नव्हती, पैसे तर नव्हतेच. चर्चचे सगळे डीकन नांगरणीची यंत्रं घेऊन यायचे. डीकन पेटवे बांधावरून ओरडायचे, "डॉक्टर, तुझ्या पोरांना आज काय वाढू?" तिला मूलबाळ नव्हतं, लग्नच केलं नव्हतं, म्हणून जंतूंना 'डॉक्टरची पोरं' असं नाव पडलं होतं. ती म्हणायची, "सरकी आणि वारा. गोड नको, दात किडतील."

राज्याच्या खात्याची एक यादी होती. तेलात शेकडो पदार्थ असतात, पण मोजायचे ते सोळा. ते सोळा ठरावीक हद्दीखाली आले की माती स्वच्छ. ती सोळा नावं मला नातवंडांच्या नावांसारखी पाठ आहेत. दर तीन महिन्यांनी आम्ही माती आणायचो, द्रावकात घुसळून तिचा अर्क काढायचो आणि मशीनला द्यायचो. कागदावर सोळा शिखरं उमटायची. आधी दोन वलयांची बुटकी झाली, मग तीनची, मग चारची. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात चौदाही अंगणांत सोळाच्या सोळा हद्दीखाली आली. पुढच्या वर्षी राज्याचं पत्र आलं: अधिक कामाची गरज नाही.

पत्र आलं तो शुक्रवार होता. मी बाटल्या धुवायला घेतल्या होत्या, त्या शेवटच्या अर्काच्या. पहिल्या वर्षी अर्क काळा असायचा. आता कमी काळा होता, पण तपकिरी होताच, कडक कॉफीसारखा. मी एक बाटली उजेडात धरली.

"डॉक्टर, सगळं गेलं म्हणता, तर मग हा रंग कशाचा?"

तिने पत्रावरून नजर काढली नाही. "यादीत रंग नाही, कॉर्डी."

"तसं नाही, मी आपलं विचारलं."

"मातीला मातीचा रंग असतोच."

मी बाटली धुऊन पालथी घातली.

यावर मी फार विचार केला आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती पहिल्याच तासाला सांगायची, पदार्थ गेला असं म्हणायचं नाही, कुठे गेला ते सांगायचं. जन्मभर दुसऱ्यांना हे विचारणाऱ्या बाईने त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही. का, तर आईला 'लाव आता' म्हणायला तिने वीस वर्षं वाट पाहिली होती. दुसरं काही कारण मला कुणी सांगू नये. आणि मी एकदा विचारून गप्प बसले, कारण माझंही अंगण त्या चौदांत होतं.

आमच्यात एक रीत आहे. नव्या जमिनीतलं पहिलं पीक पिकवणाऱ्याने आधी खायचं, सगळ्यांसमोर, मग बाकीच्यांनी. कधीपासून ते कुणालाच माहीत नाही. मुकादमांनी, मालकांनी, सरकारने आम्हाला नाना तऱ्हेचे कागद दिले आणि बहुतेक खोटे निघाले. पण आपल्यातल्या माणसाने चारचौघांत घास घेतला की तो शब्द झाला.

नोव्हेंबरात, चर्चच्या जेवणाला, मिस अर्झूलाने आपल्या अंगणातली कोलार्ड धुरावलेल्या मांसाच्या हाडाबरोबर तीन तास शिजवून आणली. लव्होनिया उभी राहिली. "राज्याचं पत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली, "पण ते मी वाचत नाही." आणि तिने ताट घेतलं. माणसं माना उंचावून बघत होती. तिने खाल्लं, रस मक्याच्या पावाने पुसून घेतला आणि आईकडे ताट पुढे केलं, "अजून वाढ." तेव्हा मात्र सगळं चर्च उठून उभं राहिलं.

पुढची नऊ वर्षं गल्लीत वाफेच वाफे होते. कोलार्ड, रताळी, भेंडी, चवळी. परसातले जुने हातपंप पुन्हा तेल घालून चालू झाले. मिस अर्झूला तर नळाचं पाणी सोडून पंपाचंच प्यायची, म्हणायची हे गोड आहे. बाहेरगावचे लोक मातीची बरणी घेऊन लव्होनियाकडे यायचे. निबंधावर निबंध लागले. माझी नात रोनेल त्या सुमारास जन्मली. तिचा पहिला घन घास माझ्या अंगणातलं रताळं होतं. मी स्वतः कुस्करून भरवलं.

दोन हजार चारमध्ये मिस अर्झूला गेली. मूत्राशयाचा कर्करोग. वय चौऱ्याऐंशी.

त्यानंतर तीन वर्षांनी कॉलेजात नवं मशीन आलं. जुन्याला फक्त वाफ होऊन उडणारं दिसायचं, याला पाण्यात विरघळणारंही दिसायचं. लव्होनियाने एकही बरणी कधी टाकली नव्हती. सगळी माती शीतघरात नावतारखेसह गोठवून ठेवलेली. मशीन नीट चालतंय का बघावं म्हणून तिने सत्त्याण्णवचीच बरणी काढायला सांगितली, जिची उत्तरं पाठ होती तीच.

सोळा नव्हतेच. ते खरंच गेले होते. पण त्यांच्या जागी दुसऱ्यांचं रान माजलं होतं. आमच्या जंतूंनी तेल अर्धवट खाल्लं होतं. वलयाची एक कड कुरतडायची, तिला ऑक्सिजन चिकटवायचा आणि पुढे सोडून द्यायचं. जे उरलं ते पाण्यात विरघळणारं, म्हणजे मुळांत शिरणारं, पंपात उतरणारं. त्याचा जीवपेशींवर काय परिणाम होतो याची चाचणी असते, तीही तिने केली. मूळ काळ्या मातीपेक्षा वाईट आली. तिने तीनदा केली. मी तीनदा भांडी धुतली.

तिसरी चाचणी झाल्यावर ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "तू मला एकदा रंगाचं विचारलं होतंस."

"मला आठवत नाही, डॉक्टर." मला लख्ख आठवत होतं.

"मला आठवतं." ती म्हणाली, "आईने सहा वर्षं तिथलं खाल्लं. तिथलं पाणी प्याली."

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या त्या. एवढं वय कुणाला मिळतं?"

"मी वय सांगितलं नाही, कॉर्डी. काय खाल्लं ते सांगितलं."

त्यानेच झालं की नाही, हे जगातलं कुठलंच मशीन सांगू शकत नाही. तेच तिला खात राहिलं. नक्की कळलं असतं तर ती रडून मोकळी तरी झाली असती.

तिने आपला सगळ्यात गाजलेला निबंध स्वतः मागे घेतला. विभागप्रमुखांनी परोपरीने समजावलं, निवृत्तीच्या वयात हे कशाला, कॉलेजचं नाव जाईल. राज्याकडे तिने बावीस पानं पाठवली, त्यांच्याकडून दोन ओळी आल्या: यादी सोळांची आहे, सोळा हद्दीखाली आहेत. म्हणजे सांगणारी ती एकटीच उरली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर, ती पुढे जाऊन उभी राहिली. हातात कागद होते. तिने साध्या शब्दांत सगळं सांगितलं, कुठे चुकलं तेही. "चूक माझी आहे. मी सोळा मोजले आणि थांबले. कृपा करून त्या मातीतलं खाऊ नका. पंपाचं पिऊ नका."

बायकांच्या हातातले पंखे थांबले. डीकन पेटवे सावकाश उठले. ऐंशीच्या घरात आले होते.

"तुझ्याकडे कोण आलं होतं, डॉक्टर?"

"कुणी नाही."

"कारखान्याच्या जागेवर गोदाम येतंय म्हणतात. ट्रकना रस्ता हवाय. आमची गल्ली मध्ये येते. आणि नेमकं आत्ताच तुला कळलं, माती वाईट?"

"डीकन, मला कुणीही पढवलेलं नाही."

"मी तुला खोटी म्हणत नाही, बाळ. तुझ्या बापाला मी खांदा दिलाय." त्यांचा आवाज फार मऊ होता. "पण मला हे सांग. नऊ वर्षांपूर्वी इथेच उभी होतीस, तेव्हा हातात काय होतं? ताट. आज काय आहे? कागद. कागद आम्हाला कुणीही दिलेत."

माणसं हुंकारली. कुणी मागून म्हणालं, "दोनदा वाढून घेतलं होतंस."  आमची सगळ्यात पक्की साक्ष तिने स्वतःच्या तोंडाने दिली होती. आता ती मागे कशी घ्यायची, त्याची रीत आमच्यात नाही.

मग डीकन माझ्याकडे वळले.

"कॉर्डी, तू हिच्याबरोबर असतेस. तुझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं. तुला कोण विकत घेणार? तू सांग. खरं आहे का हे?"

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. लव्होनियाही. मी हो म्हटलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मी त्यांच्यातली होते, माझ्या नावापुढे काही नव्हतं, म्हणून ऐकलं असतं. माझ्या शेजारी रोनेल बसली होती, नऊ वर्षांची, माझी पर्स मांडीवर घेऊन. हो म्हणणं म्हणजे, या पोरीला मी काय भरवलं, ते तिच्यादेखत म्हणणं. 

"मी बाटल्या धुते, डीकन," मी म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय?"

काही जण हसले. सुटल्यासारखं हसले. लव्होनियाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने कागदांची घडी घातली, "ऐकून घेतलंत, आभारी आहे," म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

सोमवारी मी कामावर गेले तर म्हणाली, "बरण्या काढ." त्या रविवारविषयी ती मला एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतर सात वर्षांतही नाही.

ती दारोदार जायला लागली. एकेक अंगण, एकेक माणूस. कुणी तिचा अपमान केला नाही. आमच्यात डॉक्टरचा अपमान कोण करील? खुर्ची द्यायचे, लिंबाचं सरबत द्यायचे, तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि जाताना हातात ताज्या पाल्याची पिशवी ठेवायचे. ती नको म्हणायची नाही. पिशवी प्रयोगशाळेत आणायची, पाला तोलायचा, चिरायचा, तपासायचा, आणि पुढच्या आठवड्यात त्या घरी जाऊन आकडा सांगायचा. डीकन पेटवे पायरीवरूनच विचारायचे, "या खेपेला कितवा नंबर आला माझा?" ती म्हणायची, "पहिला, डीकन. म्हणून तर आले." "मग बक्षीस आण," ते म्हणायचे, आणि आत वाटाणे सोलायला जायचे. तिच्या पाठीमागे बायका हळहळायच्या, आई गेल्यापासून बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही.

आणि मी? मी त्याच रविवारी संध्याकाळी माझे वाफे उपटले. शेजारणीला सांगितलं, गुडघ्यांनी होत नाही आता. पंपाचा दांडा काढून ठेवला. शनिवारी दुसऱ्या गावच्या दुकानातून कोलार्ड आणायचे, खाकी पिशवीत घालून, कोटाखाली लपवून. चर्चमध्ये जे मला कळत नव्हतं, ते माझ्या स्वयंपाकघरात मला पुरतं कळत होतं. इतकी वाईट बाई मी दुसरी पाहिली नाही.

दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात लव्होनियाचं हृदय थकलं. त्र्याहत्तर वर्षांची होती. दवाखान्यात मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिने डोळे उघडून विचारलं, "रोनेल काय खाते गं?"

मी म्हणाले, "दुकानातलं, डॉक्टर. त्या रविवारपासून. आम्ही दोघीही."

मला वाटलं, आता तरी ती म्हणेल काही. तिने हाताने चाचपून माझं मनगट धरलं.

"मग एक अंगण तरी झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मला ते बघवलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

तिला आईवडिलांशेजारी पुरून आलो आणि चर्चच्या खालच्या दालनात जेवणं मांडली. डॉक्टरचं आणि माझं अंगण सोडून उरलेल्या बारा घरांनी आपापल्या अंगणातली कोलार्ड शिजवून आणली होती. डॉक्टरने दिलेल्या जमिनीतली, डॉक्टरसाठी. भांडी लांबच लांब मांडलेली, वाफा निघत होत्या. मी उठले. मी सगळं सांगितलं: तपकिरी बाटली, तीन चाचण्या, आणि डीकननी विचारलं तेव्हा मला सगळं कळत होतं, हेही. रोनेल समोरच होती, सोळा वर्षांची. तिच्यादेखत सांगितलं. घसा फुटेपर्यंत सांगितलं.

कुणी रागावलं नाही. डीकन पेटवे काठी टेकत आले आणि त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"दुःखाने माणूस काहीही बोलतं, कॉर्डी. तिच्या पाठीमागे तिचं काम घाण होतं असं म्हणू नये."

"डीकन, ती स्वतः म्हणत होती."

"म्हणत होती, बिचारी." त्यांचे डोळे भरून आले होते. "पण आम्ही कधी तिचा शब्द पडू दिला का? आजही देणार नाही."

त्यांनी माझ्यासमोरचं ताट ओढलं, कोलार्ड वाढून घेतली, आणि सगळ्यांना दिसेल असं उभं राहून पहिला घास घेतला. रडत रडत खाल्लं त्यांनी. मग त्यांची सून उठली, मग तिची मुलं, मग एकेक करून बाराही घरं. रोनेलने माझ्याकडे पाहिलं आणि आपले हात मांडीखाली दाबून धरले. मी एवढ्या माणसांतून कुणाच्या हातातलं ताट काढून घेऊ? ती वेळ सात वर्षांपूर्वी होती, आणि तेव्हा मी म्हणाले होते, मी बाटल्या धुते.